१९४३ चा तांबूस सेंट : सरकारी दप्तराला ठाऊक नसलेले नाणे

१/
१९४३ साली अमेरिकेने सुमारे १०९ कोटी सेंट पाडले. ते सगळे पोलादाचे होते. निदान सरकारी दप्तरात तसे लिहिलेले होते. तरीही पुढच्या काही वर्षांत लोकांच्या सुट्ट्या पैशांत त्याच सालाचे काही तांबूस सेंट सापडू लागले. दप्तर खरे की हातातले नाणे खरे, या वादाची ही हकीकत.

२/
दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. काडतुसे आणि विजेच्या तारा यांसाठी तांब्याला प्रचंड मागणी होती, आणि तोवर सेंटच्या मिश्रधातूत ९५ टक्के तांबेच असे. ते वाचवण्यासाठी १९४३ चा सेंट पोलादाचा करून त्यावर जस्ताचा पातळ मुलामा द्यायचे ठरले. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तिन्ही टांकसाळींनी हे काम केले.

३/
युद्धकाळातील धातुटंचाईची झळ भारतालाही लागली होती. १९४३ पासून येथे मध्यभागी मोठे छिद्र असलेला पैसा निघू लागला. जुन्या पिढीच्या आठवणीतला ‘भोकाचा पैसा’ तो हाच. नाण्याचे मधले काढून घेतले की तेवढा धातू वाचतो, हा त्यामागचा साधा हिशेब.

४/
अमेरिकेतला पोलादी सेंट मात्र लोकांना रुचला नाही. नवा असताना तो दहा सेंटच्या नाण्यासारखा चमके आणि देवघेवीत घोटाळे होत. मुलामा दिलेल्या पत्र्यातून चकत्या कापल्या जात. त्यामुळे कडा उघड्या राहत आणि गंजत. लोखंडी खोटी नाणी ओळखण्यासाठी विक्रीयंत्रांत चुंबक बसवलेले असत. ती यंत्रे या खऱ्या नाण्यालाही खोटे ठरवत. १९४४ मध्ये तांब्याचा मिश्रधातू परत आला.

५/
मग १९४३ चा तांबूस सेंट आला कोठून? नाणे पाडण्यापूर्वीच्या कोऱ्या चकत्या मोठ्या पेट्यांतून यंत्राकडे नेल्या जात. १९४२ अखेरच्या काही जुन्या चकत्या या पेट्यांच्या फटींत अडकून राहिल्या असाव्यात. पुढे पोलादी चकत्यांबरोबर त्या सुटल्या, यंत्राखाली गेल्या आणि त्यांवर १९४३ चा ठसा उमटला, असे नाणेतज्ज्ञ मानतात. कोट्यवधींच्या राशीत त्या कोणाच्याही नजरेस पडल्या नाहीत.

६/
लवकरच एक वावडी देशभर पसरली : १९४३ चा तांब्याचा सेंट आणून देणाऱ्यास हेन्री फोर्ड नवी कोरी मोटार देणार! तिच्यात तथ्य नव्हते; परंतु तिच्यामुळे लोक आपापले सुटे पैसे निरखून पाहू लागले.

७/
१९४७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका १६ वर्षांच्या विद्यार्थ्याला शाळेच्या उपाहारगृहात परत मिळालेल्या पैशांत असा एक सेंट आढळला. मोटारीची गोष्ट खोटी असल्याचे त्याला समजले. अर्थखात्याकडेही त्याने विचारणा केली. उत्तर आले ते असे : १९४३ मध्ये तांब्याचे सेंट पाडलेले नाहीत; त्या वर्षीचे सर्व सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे आहेत.

८/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. ते उत्तर लबाडीचे नव्हते. कागदपत्रांत जे होते तेच अधिकाऱ्यांनी कळवले. पण आज्ञापत्र काय करायचे ठरले ते सांगते. प्रत्यक्षात काय घडले ते प्रत्येक वेळी सांगतेच असे नाही. त्या दोहोंमधल्या फटीत कधी एखादी चकती अडकलेली असते. म्हणूनच इतिहासात दप्तराइतकाच वस्तूचाही पुरावा मोलाचा ठरतो.

९/
अर्थात वस्तूही खोटी साक्ष देऊ शकते. मोटारीच्या आशेने आणि पुढे पैशांच्या लोभाने बनावट नाण्यांचा सुळसुळाट झाला. कोणी पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवला, तर कोणी १९४८ च्या सेंटवरील ८ चा डावा भाग तासून त्याचा ३ केला. तेव्हा सरकारी संशयही अगदीच निराधार नव्हता.

१०/
म्हणून परीक्षा आवश्यक. चुंबकाला चिकटले तर ते पोलादच. तांब्याच्या मिश्रधातूच्या सेंटचे वजन ३.११ ग्रॅम; पोलादी सेंटचे २.७० ग्रॅमच्या आसपास. अस्सल १९४३ मधील ३ ची शेपटी इतर अंकांच्या खाली उतरते. तासलेल्या ८ ची उतरत नाही. शिवाय त्या वर्षी यंत्रांचा दाब कठीण पोलादाच्या हिशेबाने ठेवलेला असल्याने तांबूस चकत्यांवर ठसा विशेष ठसठशीत उमटला.

११/
या कसोट्यांना उतरलेली नाणी तीन डझनही भरत नाहीत. डेन्व्हर टांकसाळीचे तर एकच ज्ञात आहे. २०१० मध्ये त्याला १७ लाख डॉलर मिळाले. मॅसॅच्युसेट्समधल्या त्या विद्यार्थ्याने आपले नाणे सुमारे सात दशके जपले. त्याच्या निधनानंतर, जानेवारी २०१९ मध्ये, लिलावात त्याला २ लाख ४ हजार डॉलर किंमत आली.

१२/
१९४३ मध्ये टांकसाळीला चुकीचा पत्ताच नव्हता. १९५५ मध्ये तो होता. नाणे पाडण्याचा पोलादी ठसा घडवताना मूळ आकृती त्यावर एकाहून अधिक वेळा दाबली जात असे. दोन दाबांमध्ये ठसा किंचित फिरला तर अक्षरे दुहेरी उमटत. फिलाडेल्फियात असाच एक ठसा यंत्रावर चढला आणि साल, ‘लिबर्टी’ हा शब्द व वरचे बोधवाक्य नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसणारे सेंट बाहेर पडू लागले.

१३/
दोष ध्यानी आला तोवर असे सुमारे २४ हजार सेंट लक्षावधी चांगल्या नाण्यांत मिसळून गेले होते. सारी रास वितळवण्यापेक्षा ती बाजारात जाऊ द्यावी, असे ठरले. त्या काळी यंत्रातून मिळणारे सिगारेटचे पाकीट २३ सेंटचे असे. ग्राहक पंचवीस सेंटचे नाणे टाकी आणि वरचे दोन सेंट पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनातच मिळत. दुहेरी अक्षरांचे कितीतरी सेंट लोकांना या वाटेने सापडले. आज चांगल्या स्थितीतील अशा नाण्याला हजार डॉलरहून अधिक किंमत येते.

१४/
दोन्ही उदाहरणांत किंमत केवळ चुकीला नाही. चूक टांकसाळीतच घडलेली असावी, ती कशी घडली हे सांगता यावे, अशी नाणी थोडी असावीत आणि त्यांचा अस्सलपणा सिद्ध व्हावा. या चारही अटी पुऱ्या झाल्या तरच नाणे मोलाचे ठरते. ठेचलेले, घासलेले किंवा आम्लाने रंग बदललेले नाणे हे वापरात खराब झालेले नाणे असते, एवढेच.

१५/
मोटारीची ती वावडी आजही वेष पालटून फिरते आहे. ‘जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती भारतात अनेकांच्या भ्रमणध्वनीवर येतात आणि व्यवहारापूर्वी ‘शुल्क’ किंवा ‘कमिशन’ मागितले जाते. काही ठग रिझर्व्ह बँकेचे नावही वापरतात. आपण अशा व्यवहारांत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

१६/
तेव्हा सुट्ट्या पैशांत एखादे विचित्र नाणे आढळलेच, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नये. त्याने पुरावाच पुसला जातो. वजन करावे, चुंबक लावून पाहावे, त्याच सालाच्या दुसऱ्या नाण्याशी ताडून पाहावे आणि जाणत्या संग्राहकाचे मत घ्यावे. बहुतेक वेळा हाती रुपयाचा रुपयाच राहील. पण पाहण्याची, मोजण्याची आणि ऐकीव गोष्टीवर न विसंबण्याची सवय लागेल; इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती पुढे जन्मभर पुरते.