पायफेरी, जलाशयकाठची (गडब–पेण परिसर)

लहान मुले आणि वडीलधारी बरोबर घेऊन धरण, तलाव किंवा बांधाच्या कडेने दोन-तीन तासांत उरकेल अशी पायी सहल. रायगड जिल्ह्यात तिला वेगळे नाव नाही. ‘धरणावर जाऊन येऊ’ म्हटले की पुरते. पेण तालुक्यातील गडब हे गाव मध्यावर धरले, तर पूर्वेला डोंगरातले गोडे पाणी आणि पश्चिमेला खाडीचे खारे पाणी, असे दोन्ही काठ एका दिवसाच्या टप्प्यात येतात. मात्र सहलीसाठी आखलेली, पाट्या लावलेली वाट या दोन्हींकडे नाही. चालायचे ते धरणाच्या पोचरस्त्याने, कालव्याच्या सेवामार्गाने किंवा खारबांधाच्या माथ्यावरून, म्हणजे दुसऱ्याच्या कामासाठी झालेल्या वाटेने. ती उसनी वाट आहे हे ध्यानात ठेवले, की या फेरीचे बहुतेक नियम वेगळे सांगावे लागत नाहीत.

हेटवणे. परिसरातला मोठा जलाशय हाच. पेणहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कामार्लीजवळून आत वळले की भोगेश्वरी नदीवरचे हे मातीचे धरण लागते. हीच नदी पुढे पेण शहरातून जाते. तिथे तिला भोगावती म्हणतात. धरणाची उंची सुमारे ४५ मीटर, लांबी पाऊण किलोमीटरच्या आत आणि साठा सुमारे १४७ दशलक्ष घनमीटर. बांधले ते शेतीसाठी. पाणी मात्र नळातून दूरवर गेले: नवी मुंबई वसवणारे सिडको महामंडळ ते पाणी जिते येथे शुद्ध करून खारघर, उलवे, द्रोणागिरी या वसाहतींना देते. खाली कालव्यात पाणी कधी येणार, हा खाडीलगतच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याचा जुना प्रश्न आहे, आणि काठावर बसलेल्या पाहुण्याला तो गावकऱ्यांच्या बोलण्यात पहिल्या पाच मिनिटांत ऐकू येतो. या लाभक्षेत्राला राजकीय इतिहासही आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्यायच्या की नाही, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत सरकारने मतदान घेतले. ती गावे हेटवण्याच्या लाभक्षेत्रातली होती, आणि ‘जमीन ओलिताखाली येणार असताना ती घेता कशी?’ हाच तर वादाचा मुद्दा होता. पुढे तो प्रकल्प बारगळला.

चालण्याच्या दृष्टीने हेटवण्याचा पोचरस्ता सर्वांत सोयीचा. चढ बेताचा आहे, आजीआजोबांना झेपतो. भिंतीवर जाता येईल की नाही, हे चौकीवर विचारावे. आज सोडले म्हणून उद्या सोडतील असे नाही, आणि पिण्याच्या पाण्याचे धरण असल्याने त्यात वावगेही काही नाही. भिंतीवर गेले नाही तरी बिघडत नाही. पाण्याचा विस्तार आणि मागची सह्याद्रीची रांग बाजूच्या चढावरूनही दिसते. त्याच खोपोली रस्त्याने पुढे गागोदे आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भाव्यांचा जन्म तिथे झाला. मुलांना घेऊन निघालेली बरीच मंडळी धरण आणि गागोदे अशी जोडी जमवतात, ती चांगलीच जमते.

काठाने पूर्ण प्रदक्षिणा का नाही. इंग्लंडात डर्वेंटसारख्या खोऱ्यांतील जलाशयांभोवती रविवारी घरेच्या घरे फेरी मारतात आणि जिथून निघाली तिथेच परत येतात. कोकणात तसे जमत नाही, याचे कारण आळस किंवा अनास्था एवढेच नाही. तिकडे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. इथे तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि उरलेले आठ महिने धरण रिकामे होत राहते. सप्टेंबरातला काठ आणि मे महिन्यातला काठ यांत कित्येक मीटरची उंची आणि चालायला गेले तर बरेच अंतर असते. पाण्याला लागून वाट करावी तर ती निम्मे वर्ष बुडालेली, आणि उरलेले निम्मे वर्ष पाण्यापासून लांब पडलेली. म्हणून पुण्याजवळच्या खडकवासल्यालासुद्धा लोक प्रदक्षिणा घालत नाहीत. चौपाटीवर कणीस खातात आणि परततात.

खारबांध. गडबकरांची रोजची पायफेरी धरणावर नसते, ती इकडे असते. महामार्गावर वडखळ सोडून नागोठण्याकडे निघाले की डोलवीच्या पोलाद कारखान्यानंतर गडब येते. लोहमार्गाने यायचे तर कासू स्थानक जवळ. गावाच्या पश्चिमेला आंबा नदी धरमतरच्या खाडीकडे सरकते आणि मधल्या सखल शेतीला खाऱ्या पाण्यापासून राखणारे मातीचे बांध आहेत. सरकारी भाषेत त्यांना खारबंदिस्ती म्हणतात. त्यांच्या देखभालीसाठी १९४८ आणि १९७९ असे दोन कायदे झाले. बांधात जागोजागी ‘उघाडी’ असते. तिची झडप बाहेरच्या बाजूला उघडते: ओहोटीला शेतातले पाणी तिला ढकलून बाहेर पडते, भरती आली की खाडीचेच पाणी तिला दाबून बंद करते. माणूस लागत नाही. मुलांना विज्ञानाच्या पुस्तकातला दाब एकदा इथे दाखवावा.

ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी उकिडवे बसले की चिखल हलताना दिसतो. पहिल्यांदा वाटते बुडबुडे आहेत. मग त्यातला एक बुडबुडा डोळे वटारतो. ती निवटी: मासा असून चिखलावर पंखांनी सरपटणारी, सावली पडली की टुणकन उडी मारून बिळात जाणारी. पलीकडे कांदळवनाच्या मुळांत बगळा एका पायावर तिचीच वाट पाहत असतो. बांधाच्या आतल्या अंगाला भातशेती आणि तळी आहेत. तळ्यात जिताडा वाढवण्याची या पट्ट्यातली रीत जुनी. तळे कोणाच्या तरी घरचे असते, त्यात दगड मारू नये. मासा बिथरतो आणि मालकही.

बांधावर जायचे ते भरतीचे वेळापत्रक पाहून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी माथ्यापर्यंत चढते, आणि जुन्या बांधाला खांड गेली तर खारे पाणी थेट भातात शिरते. शेत मग काही हंगाम पिकत नाही. गाव खांड बुजवायला धावत असताना सहलीची पावले तिथे नकोत. बाबागाडी इथे चालत नाही. माथा अरुंद आहे, कडेची माती भुसभुशीत असते.

माथेरानची शार्लोट. जिल्ह्यात बाबागाडी खरोखर ढकलता येईल आणि मोटारींची वर्दळ नसेल अशी पाणकाठची जागा हवी असेल, तर कर्जत तालुक्यात माथेरानला जावे. तिथे मोटारींना बंदी आहे. ४ फेब्रुवारी २००३ पासून तो अधिकृत पर्यावरणसंवेदनशील विभागही आहे. शार्लोट हा गावाच्या पाण्यासाठी बांध घालून केलेला तलाव, काठावर पिशारनाथाचे देऊळ. बाजारातून तांबड्या मातीच्या सावलीच्या वाटेने तिथपर्यंत जाणे हीच खरी फेरी. घोड्यांना वाट द्यावी, खाऊची पिशवी माकडांपासून सांभाळावी.

काळ आणि काळजी. या सहलीची गैरसोय अशी, की जलाशय सर्वांत देखणा दिसतो तेव्हाच तो सर्वांत वाईट असतो. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धरणे व धबधब्यांवर अनेकदा मनाई करते, आणि पर्यटक ती अनेकदा मोडतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एका घरातली एक स्त्री आणि चार मुले वाहून गेली. पाणी काही क्षणांत वाढले होते. उन्हाळ्यातला धोका निराळा. पाणी हटल्यावर उघडा पडलेला गाळ वरून पापडी धरतो, भेगाळतो, टणक दिसतो. पाऊल ठेवले की पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. भरावासाठी माती काढलेले खड्डे आणि नदीचे जुने पात्र पाण्याखाली तसेच असते, त्यामुळे कमरेइतक्या पाण्यातून पुढचे पाऊल थेट पुरुषभर खोलीत पडू शकते. कोकणच्या धरणात पोहायला उतरणे हा सहलीचा भाग नव्हेच. बरा काळ दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा, सकाळी नऊच्या आत. कालव्याच्या गवतात घोणस असते, म्हणून मुलांच्या पायांत बूट असावेत. शिदोरीला तांदळाची भाकरी पुरे. परतताना पेणमध्ये पोह्याचे पापड आणि मिरगुंडे मिळतात, आणि गणपतीचे कारखाने चालू असले तर अर्धा तास तिथेच मोडतो.