माऊस : शेपूट आणि भार यांचा इतिहास

वाशिम ही वाकाटकांची वत्सगुल्म नगरी. तिच्या शेजारी, पुसदच्या वाटेवर वसलेल्या अनसिंग गावात इतिहासावर बोलायचे म्हटले, की ताम्रपट आणि राजवंश पुढे येणार अशी आपली अपेक्षा असते. मी मात्र आज तळहातात मावणाऱ्या एका वस्तूचा इतिहास सांगणार आहे. संगणकाचा माऊस ही ती वस्तू. विषय पोरकट वाटेल, पण घरोघर एक प्रश्न उभा राहू लागला आहे. संगणकावर खेळणारा मुलगा म्हणतो, 'मला बिनतारी आणि हलका माऊस हवा.' बाप किंमत विचारतो आणि चकित होतो. साध्या माऊसच्या कितीतरी पट पैसे मोजून मुलगा जे मागतो, ते अधिक काही नसून उलट कमी काहीतरी आहे : कमी वजन आणि नसलेली तार! कमी वस्तूला जास्त पैसे का, हा बापाचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर जाहिरातीत नाही, इतिहासात आहे.

आपल्या महाराष्ट्रापासून सुरुवात करू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक कामाला लागला. त्याला आज्ञा द्यायच्या त्या छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून. चित्र दाखवणारी नळीही त्याला होती, पण त्या चित्रातल्या एखाद्या जागेवर सहज बोट ठेवावे आणि 'हे' म्हणावे, अशी सोय त्या काळच्या संगणकांत सहसा नसे. माणूस आणि यंत्र यांच्यात बोट दाखवण्याची भाषा अजून जन्मायची होती.

ती भाषा अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांनी जन्माला घातली. १९६४ च्या सुमारास त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्याने एक लाकडी ठोकळा तयार केला. खाली परस्परांना काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एक बटण, एवढेच त्याचे रूप. तार प्रथम मनगटाच्या बाजूने निघे. ती शेपटीसारखी दिसे, म्हणून त्याला 'उंदीर' हे नाव पडले. ही शेपूट हाताखाली अडकते असे ध्यानात येताच ती पुढच्या बाजूला नेण्यात आली. तारेविरुद्धची तक्रार, श्रोतेहो, माऊसइतकीच जुनी आहे!

यापुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपलेच साधन श्रेष्ठ असे एंगेलबार्ट यांच्या मंडळींनी गृहीत धरले नाही. प्रकाशलेखणी, दांडा, गुडघ्याने हलवायचे एक साधन आणि माऊस, अशी निरनिराळी साधने त्यांनी माणसांच्या हाती देऊन पाहिली, वेळ मोजली, चुका मोजल्या, आणि १९६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरावलेल्या हातांत माऊस सरस ठरला. म्हणजे माऊस हा निवडीतूनच पुढे आलेला आहे, आणि ती निवड हाताने केलेली आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सान फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी तो सुमारे हजार तज्ज्ञांपुढे चालवून दाखवला. पेटंट १९७० मध्ये मिळाले. परंतु १९८७ मध्ये, माऊस घराघरांत शिरण्यापूर्वीच, त्याची मुदत संपली.

पुढे चाकांची जागा गोळीने घेतली. जर्मनीच्या टेलेफुंकेन कंपनीने १९६८ मध्येच असे साधन पुढे आणले होते. झेरॉक्सच्या संशोधकांनी माऊसला कार्यालयाच्या टेबलावर बसवले आणि १९८४ च्या मॅकिंटॉशने त्याला सामान्य माणसापर्यंत पोहोचवले. आपल्याकडे ही वस्तू बरीच उशिरा आली. १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' उभी राहिली. तिचे अध्वर्यू विजय भटकर हे मुरंब्याचे, म्हणजे अकोला जिल्ह्याचे सुपुत्र. १ जुलै १९९८ पर्यंत वाशिमही त्याच जिल्ह्यात होते, तेव्हा ते आपल्याच मुलखातले म्हणायला हरकत नाही. तरीही तालुक्याच्या गावांत असंख्य मराठी हातांनी माऊस प्रथम धरला तो २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम.एस.-सी.आय.टी. वर्गांत. त्या काळच्या माऊसच्या पोटातली गोळी पुष्कळांना आठवत असेल. टेबलावरची धूळ ती पोटात ओढून घेई, आतल्या दांड्यांवर मळाचा थर बसे, आणि झाकण फिरवून नखाने तो खरवडावा लागे.

या गोळीला हटवले प्रकाशाने. १९८० च्या आसपास दोन निरनिराळ्या संशोधकांनी प्रकाशावर चालणारे माऊस तयार केले होते, पण त्यांना खास रेघा वा ठिपके छापलेली गादी लागे. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने आणलेला माऊस साध्या टेबलावर चालू लागला. त्याच्या पोटात एक चिमुकला कॅमेराच असतो म्हणा ना! तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला दीड हजार चित्रे घेई आणि आधीच्या चित्राशी नवे चित्र ताडून आपण किती सरकलो ते ठरवी. गोळी गेली, मळ गेला, आणि गोळीचा भारही गेला.

नेमक्या याच काळात माऊसला नवे धनी मिळाले, ते म्हणजे खेळाडू. १९९६ च्या 'क्वेक' या खेळात माऊसने मान वळवून पाहता येई आणि नेम धरता येई. १९९७ मध्ये डेनिस फाँग या तरुणाने त्या खेळाच्या स्पर्धेत फेरारी मोटार जिंकली. माऊस आणि कळफलक यांच्या मेळाची त्याची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. कार्यालयातला कारकून माऊस संथपणे सरकवतो. खेळाडू तो क्षणात झटकतो, थांबवतो, उचलून पुन्हा मध्यावर ठेवतो, आणि हे तासन्‌तास चालते. जड वस्तू हलवणे जसे कठीण, तसे हलू लागलेली जड वस्तू जागच्या जागी थांबवणेही कठीण. म्हणून खेळाडूला भार नको आणि मागून ओढणारी शेपूटही नको.

पण दोन्ही एकदम सोडणे सोपे नव्हते. आपल्या कथेतला खरा पेच हाच आहे. तार काढायची तर आत विजेचा साठा हवा. साठा म्हणजे भार. साध्या पेन्सिल सेलचे वजन सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन तोळे भरते. शेपूट कापावी तर पोट सुटते, आणि पोट कमी करावे तर शेपूट राहते! लॉजिटेक कंपनीने १९८४ मध्ये अवरक्त किरणांवर चालणारा आणि १९९१ मध्ये रेडिओलहरींवर चालणारा बिनतारी माऊस काढला होता. तरीही पुढे पंचवीस वर्षे निष्णात खेळाडू तारेलाच चिकटून राहिले, कारण बिनतारी माऊस जड असे आणि त्याचा निरोप उशिरा पोहोचेल किंवा वाटेत गळेल अशी धास्ती असे.

हा पेच सुटला तो मुख्यतः सेन्सरच्या काटकसरीने. सेन्सर जितकी कमी वीज खाईल तितकी बॅटरी लहान, आणि बॅटरी जितकी लहान तितका माऊस हलका. आपण तोळ्यांत हिशेब करू, म्हणजे हातात वजन जाणवेल. २०१६ चा लॉजिटेकचा 'जी ९००' हा १०७ ग्रॅमचा, म्हणजे नऊ तोळ्यांच्या थोडा वर. २०१८ चा 'जी प्रो वायरलेस' ८० ग्रॅमचा, म्हणजे सातला किंचित कमी. २०२० चा 'सुपरलाइट' ६३ ग्रॅमच्या आत, साडेपाच तोळ्यांहून कमी. २०२४ चा रेझरचा 'व्हायपर व्ही ३ प्रो' सुमारे ५४ ग्रॅमचा, म्हणजे पावणेपाचच्याही आत. आठ वर्षांत भार निम्मा झाला. मधल्या काळात, २०१८-१९ च्या सुमारास, मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे पाडून वजन घटवलेल्या कवचांची लाट आली. पुढे कवच पातळ पण मजबूत करण्याची विद्या साधली आणि पुष्कळ कंपन्यांनी ती छिद्रे बुजवली.

आता बापाच्या प्रश्नाकडे वळू. या तोळ्यांचा उपयोग किती? येथे थोडा हिशेब करावा. प्रौढ माणसाच्या नुसत्या पंजाचे वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम असते. माऊसवर पूर्ण तळवा टेकवून खेळणारा माणूस माऊसबरोबर पंजाही हलवत असतो. त्याने १०७ ग्रॅमचा माऊस टाकून ६० ग्रॅमचा घेतला, तरी हलणाऱ्या एकूण भारातला सुमारे दहावा हिस्साच कमी होतो. पंजाच्या मागे कोपरापर्यंतचा हात धरला तर हा लाभ आणखीच लहान दिसतो. उलट, मनगट स्थिर ठेवून केवळ बोटांच्या टोकांनी माऊस खेळवणाऱ्याला तोच फरक चांगला जाणवतो. आणि ६० वरून ५४ वर उतरण्यासाठी वेगळे पैसे मोजणे म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत अर्ध्या तोळ्याची हौस होय. तात्पर्य, आधी पकड ओळखावी आणि मग वजन बघावे. आकार हातात बसत नसेल तर हलकेपणा काय कामाचा? खुरप्याची मूठ हाताला टोचत असेल तर पाते कितीही हलके असले तरी दिवसभर निंदण होत नाही, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

अडचण अशी, की अनसिंगच्या मुलाला दुकानात जाऊन दहा माऊस हाताळून पाहण्याची सोय नाही. तो चित्र पाहून मागवतो. त्याने निदान पट्टी घ्यावी, मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत पंजा मोजावा, रुंदी मोजावी, सध्याचा माऊस मोजावा, किराण्याच्या काट्यावर तो तोलावा, आणि मगच छापील मापांशी ताडावे. परत करण्याची मुदत आहे का, तेही आधी वाचावे.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या भुलाव्याची. सेकंदाला एक हजार वेळा निरोप देणारा माऊस हजारांश सेकंदात आपली खबर पोहोचवतो. जुना साधा माऊस सेकंदाला सव्वाशे वेळा देई, म्हणजे आठ हजारांशांनी एकदा. ही सुधारणा खरी आहे. त्यापुढचे आठ हजार वेळांचे आकडे बॅटरी भराभर खातात आणि लाभ मात्र तोळ्यातल्या गुंजेइतका देतात. सूक्ष्मतेचे पाचआकडी आकडेही तसेच. बहुतेक निष्णात खेळाडू त्यांतला फार लहान भाग वापरतात. ब्ल्यूटूथवर मात्र नेमबाजीचा खेळ खेळू नये. सोबत मिळणारा स्वतंत्र रिसीव्हरच वापरावा, आणि तो संगणकाच्या पाठीमागे न खोचता लांबवणीच्या तारेने माऊसच्या जवळ आणून ठेवावा. घरातला वाय-फाय पुष्कळदा त्याच लहरींवर चालतो, आणि जलद यूएसबी खाचांमधूनही त्याच पट्ट्यात गोंगाट उठतो. पुष्कळ 'बिघाडां'चे मूळ तिथेच असते.

तिसरी गोष्ट आपल्या परिस्थितीची. वीज जाणे-येणे अंगवळणी पडलेल्या गावात पेन्सिल सेलवर चालणारा माऊस कमीपणाचा समजू नये. २०१८ चा लॉजिटेकचा 'जी ३०५' सेलसह ९९ ग्रॅम, म्हणजे साडेआठ तोळे भरतो, पण एका सेलवर अडीचशे तास चालतो असे कंपनी सांगते, आणि तो सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. हलका लिथियम सेल घातला तर आणखी आठेक ग्रॅम उतरतात. तसेच, उन्हाळ्यात वावटळीची धूळ ज्या घरात शिरते, तेथे छिद्रांचे कवच घेण्यापूर्वी त्या जुन्या गोळीवरचा मळ आठवावा.

'पण मुळात खेळासाठी एवढा खर्च का?' असे वडीलधारे विचारतील. त्यांची चिंता मी हसण्यावारी नेणार नाही. खेळाच्या नावाखाली पैशांचा जुगार चालला आणि त्यात घरे पोळली. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-क्रीडा वेगळी मानली, ती उगाच नव्हे. ई-क्रीडेला २०२२ च्या डिसेंबरातच केंद्राने बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली होती. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत, तेव्हा तो प्रकार केवळ प्रात्यक्षिकासाठी असताना, भूजच्या तीर्थ मेहता यांनी कांस्यपदक मिळवले. तेव्हा खेळ कोणता, आणि त्यात पैसा लागतो की कौशल्य, हे बापाने अवश्य विचारावे. पण माऊस मागितला म्हणून मुलगा बिघडला असे समजू नये. मुलानेही ध्यानात ठेवावे, की मनगट दुखू लागले तर हलका माऊस त्यावर औषध नव्हे. विश्रांती आणि बसण्याची नीट रीत हेच पहिले औषध, आणि दुखणे राहिलेच तर डॉक्टर.

एंगेलबार्ट २०१३ साली वारले. त्यांना खेळणे करायचे नव्हते. माणसाची बुद्धी वाढवणारी साधने घडवावीत असा विचार त्यांनी १९६२ मध्येच मांडला होता. माऊस हा त्या मोठ्या संकल्पाचा एक लहानसा अवयव होता. त्यांची साधने बदलली, लाकूड गेले, चाके गेली, गोळी गेली, शेपूट गेली, भार गेला. त्यांनी घालून दिलेली निवडीची रीत मात्र अजून जुनी झालेली नाही : साधन हाती द्यावे, वेळ मोजावी, चुका मोजाव्यात, आणि मग ठरवावे. घरात नवी वस्तू आणताना बापाने आणि मुलाने एका टेबलाशी बसून एवढे केले, तर पैसे वाया जाणार नाहीत, आणि मुलाला माऊसबरोबर पारख करण्याची सवयही मिळेल.