झाडीपट्टीच्या नाटकाची कुळकथा

कलाप्रकारांचे संकेत शास्त्रकारांच्या प्रज्ञेतून अवतरतात, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. परंतु झाडीपट्टीतल्या भंडारा जिल्ह्यात रात्र रात्र रंगणाऱ्या नाटकाची वंशावळ तपासू गेल्यास तिचे मूळ धानाच्या बांधीत सापडते.

वैनगंगेच्या या मुलखात, कोहळी कास्तकारांनी बांधलेल्या मालगुजारी तलावांवर पोसलेले धान हाती येऊ लागले, की दिवाळीमागून गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि तिच्या रात्री दंडार – येथले लोकनाट्य – उभी राहते; स्त्रीभूमिका पुरुषांनी करावी, हा तिचा जुना दस्तूर. तिची सख्खी बहीण खडी गंमत: येथे शाहीर डफ-तुणतुण्याच्या साथीने उभ्यानेच गातो आणि गण, गौळण झाल्यावर सवालजवाबांचा झगडा जुंपतो. हा क्रम ठाऊक असल्यानेच श्रोता पुढच्या वळणाची वाट पाहतो, आणि शाहिराला त्याची अपेक्षा चाळवून मग पुरी करता येते.

पुढे हिवाळ्यात शंकरपट भरू लागले, बैलजोड्यांच्या शर्यतींसाठी परगावचे सोयरे मुक्कामास येऊ लागले, आणि त्यांच्या रात्रीचा बंदोबस्त म्हणून मंडपात दंडार-गमतीच्याच वळणाचे नाटक उभे राहिले. मग ते पहाटेपर्यंत चालणे ओघानेच आले. आणि एकाच मंडपात आजी, सून व नातू बसलेले असल्याने करुण प्रसंगामागून विनोद, विनोदामागून लावणी, अशी रसांची वाटणी ठरून गेली. 1880 साली किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने मराठी रंगभूमीस लावलेली पदांची गोडी पुण्या-मुंबईत बोलपटांपुढे ओसरली, तरी येथे रंगमंचालगत बसलेल्या वादकांच्या जिवंत साथीने ती टिकून राहिली.

2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने शर्यती बंद पडल्या आणि 2021 च्या डिसेंबरात राज्यात त्यांना पुन्हा मुभा मिळाली. मधल्या काळात पट नव्हता, तरी नाटकाची रात्र मोडली नाही. ज्या कारणाने वहिवाट पडली ते कारण सरले, तरी ती प्रेक्षक आणि नट यांच्यातील अलिखित करार होऊन बसली होती. हुंडा किंवा दारूबंदी यांसारखा नवा विषय घेऊन येणाऱ्या नाटककारासही त्या कराराच्या कलमांतूनच वाट काढावी लागते.

शहरी समीक्षक या नाटकास पाल्हाळिक म्हणतो. परंतु त्याच्या पसंतीचे अडीच तासांचे आटोपशीर नाटक, पौषातल्या थंडीत परगावच्या पाहुण्याला मध्यरात्रीच मंडपाबाहेर काढील, याचा विचार त्याने केलेला नसतो.