तळावरचे टाळ आणि मनाची रोजनिशी

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघून सोलापूर जिल्ह्यातील वेळापूरला मुक्कामी येते. अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन मंदिरामुळे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. वारकऱ्यांना ते ठाऊक आहे धाव्यामुळे. येथल्या चढावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि तेथून ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. आम्हांला मात्र या गावाच्या निमित्ताने वेळापूरच्याच नव्हे, तर वाटेवरच्या प्रत्येक तळावर पाळल्या जाणाऱ्या एका प्रथेकडे लक्ष वेधायचे आहे. ही प्रथा म्हणजे समाजआरती.

दिवसभराची चाल संपली की दिंड्या पालखीभोवती तळावर उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतो आणि हजारोंचा समुदाय क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकतो, तिची दखल घेतो. हरवले-सापडले पुकारले जाते, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते आणि मग आरती होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्याला शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्करी तळाची ओळख असलेल्या माणसाची दृष्टी या रचनेत दिसते. तिची तीन अंगे आहेत: विचारणा रोज होते, विचारताना गोंगाट थांबवला जातो, आणि उत्तर आल्यावर कोणीतरी उठून तिकडे जाते.

मनाच्या दुखण्याची नोंद ठेवण्याचा इतिहास पाहिला, तर ही तीन अंगे एकेक करून, आणि पुष्कळ उशिरा, हाती आलेली दिसतात. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन हायडेलबर्गला असताना प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवीत. आज रुग्ण कसा दिसतो यापेक्षा त्याचा आजार वर्षानुवर्षे कसा वाहत गेला, याला त्यांनी महत्त्व दिले. १८९९ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांनी मनोविकारांची जी प्रसिद्ध विभागणी केली, ती याच ओघावर आधारलेली होती. परंतु कार्ड डॉक्टरांचे, अक्षरही डॉक्टरांचे. रुग्णाचा टाळ त्यात ऐकू येत नव्हता.

तो ऐकण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९७० च्या दशकात शिकागोत झाला. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी ७५ शाळकरी मुलामुलींना आठवडाभर पेजर दिले. तो वाजला की त्या क्षणी आपण काय करतो आहोत आणि मन कसे आहे, हे त्यांनी लिहायचे. महिन्याअखेरीस ‘महिना कसा गेला?’ असे विचारले, तर माणूस आजच्या मनःस्थितीच्या रंगात सारा महिना रंगवतो. त्या क्षणीच केलेली नोंद ही चूक टाळते. तरुण मुलांची मने मोठ्यांपेक्षा झपाट्याने वरखाली होतात, पण तेवढ्यावरून ती बिघडलेली ठरत नाहीत, हे या अभ्यासातून पुढे आले. एक वाईट दिवस म्हणजे आजार नव्हे, हे आईबापांना सांगायला आजही हा निष्कर्ष पुरेसा उपयोगी आहे.

मग बिघाड ओळखावा कसा? दुष्काळी मुलखातला शेतकरी याचे उत्तर विहिरीवरून देईल. उपसलेली विहीर सकाळपर्यंत पुन्हा भरते. ती कोरडी पडण्याआधी पाझर मंदावतो, भरायला दोन दिवस लागू लागतात. धोक्याची खूण पाण्याच्या पातळीत असते, तशीच ती भरण्याच्या वेगात असते. मनाच्या बाबतीत अशीच कल्पना २०१४ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी मांडली: नैराश्याकडे झुकणारे मन सावरायला अधिकाधिक वेळ घेते, कालची उदासी आजवर सांडते. २०१६ मध्ये एका रुग्णाच्या २३९ दिवसांच्या नोंदींत, औषध कमी होत असताना, आजार उलटण्यापूर्वी ही मंदगती आढळली. पुढे ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी शंभराहून अधिक तरुणांकडून सलग सहा महिने रोजच्या नोंदी घेतल्या. मात्र हा इशारा काहींत दिसला, अनेकांत दिसलाच नाही. मनाचे पंचांग अजून कोणाच्या हाती आलेले नाही.

तरीही रोजनिशी निष्फळ ठरत नाही. रोज लिहिणाऱ्याला आपल्या मनाचा नेहमीचा उतारचढाव कळतो आणि नेहमीपेक्षा वेगळे काय घडते आहे, हे सांगायला शब्द मिळतात. खरी उणीव तिसऱ्या अंगाची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. स्पर्धा परीक्षेसाठी गाव सोडून पुण्याच्या एका खोलीत राहणाऱ्या मुलाने मोबाइलवर रोज उदास चेहऱ्याच्या खुणेवर बोट ठेवले, तरी ते पाहून त्याच्या दाराशी कोण येणार आहे?

कोणी आले तर काय होते, याचा दाखला अमरावती जिल्ह्यात आहे. गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेच्या ‘विश्राम’ उपक्रमात ३० गावांतून स्थानिक कार्यकर्ते घरोघरी पोहोचले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राने भाकीत केले नव्हते. माणसाने विचारपूस केली होती.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. रोजनिशी लिहिणाऱ्याची असते. ती महाविद्यालयाच्या, मालकाच्या वा धास्तावलेल्या पालकांच्या हाती पाळतीचे साधन म्हणून गेली, तर तरुण लगेच खोटे लिहू लागतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांतील गोपनीयतेचा हक्क दिला आहे. घरातही तो मानला जावा. टाळ वाजवायचा की नाही, हे दिंडी स्वतः ठरवते. इतरांचे काम त्या वेळी शांत राहण्याचे, आणि तो ऐकू आल्यावर तिथवर चालत जाण्याचे आहे.