प्रोग्रॅमच्या अनेक प्रती, एकाच वेळी

एकच प्रोग्रॅम संगणकावर एका वेळी दोनदा किंवा अधिक वेळा चालू असणे. डिस्कवरची फाइल तीच. मेमरीत मात्र तिची प्रत्येक धाव स्वतंत्र. फाइल म्हणजे प्रोग्रॅम आणि धाव म्हणजे प्रोसेस. बोलताना लोक ‘इन्स्टन्स’ किंवा नुसते ‘दुसरी विंडो’ म्हणतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण दुसरी विंडो म्हणजे दुसरी प्रोसेस असेलच असे नाही. नाटकवाल्यांना हा फरक शिकवावा लागत नाही. संहिता एक, प्रयोग अनेक. दादरच्या शिवाजी मंदिरात नटाने वाक्य गाळले, म्हणून त्याच नाटकाच्या दुसऱ्या संचाच्या पुण्यातल्या प्रयोगात ते गळत नाही.

चालत्या प्रोसेसला फाटा फोडून तिची दुसरी करण्याची ‘फोर्क’ ही कल्पना मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्ये मांडली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्समध्ये ती मुरली. पीडीपी-७ या यंत्रावरच्या पहिल्या युनिक्समध्ये फोर्कसाठी असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळी पुरल्या, अशी नोंद रिची यांनीच करून ठेवली आहे. फोर्कची गंमत अशी, की त्याला हाक एकदा मारायची आणि ओ दोनदा येते. मूळ प्रोसेसला उत्तर म्हणून अपत्याचा क्रमांक मिळतो, अपत्याला शून्य. दोघी त्याच ओळीवर उभ्या असतात. आपण आई की मूल, हे त्यांना त्या आकड्यावरूनच कळते.

दहा प्रती म्हणजे दहापट मेमरी, हा हिशेब सहसा चुकतो. प्रोग्रॅमच्या सूचना बदलत नसल्याने त्या सर्व प्रतींना मिळून एकदाच ठेवल्या तरी चालतात. बदलणाऱ्या माहितीची पानेही (एक पान बहुधा चार किलोबाइटचे) फोर्कनंतर आधी सामाईकच असतात. कोणी लिहायला गेले, की तेवढ्याच पानाची नक्कल निघते. अँड्रॉइड फोन यावरच चालतो. त्यात ‘झायगोट’ नावाची, म्हणजे जीवशास्त्रातल्या फलित पेशीचे नाव घेतलेली, प्रोसेस आधीच तयार बसलेली असते आणि प्रत्येक अ‍ॅप तिच्यातूनच फुटून निघते.

विंडोजच्या सोळा-बिटी काळात नव्या प्रतीला सुरुवातीलाच आपल्या आधीच्या प्रतीचा पत्ता मिळे. बत्तीस-बिटी विंडोजमध्ये प्रत्येक प्रोसेसला आपापले घर मिळाले आणि त्या जागी कायमचे शून्य आले. जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी ते रिकामे खाते आजही तसेच ठेवलेले आहे.

मेमरी वेगळी झाली तरी फाइल, सेटिंग्ज, नेटवर्कचे पोर्ट या गोष्टी सामाईकच राहतात, आणि खरी भांडणे तिथे लागतात. विम या संपादकात एकच फाइल दोनदा उघडली, की तो स्वॅप-फाइल पाहून बजावतो: दुसरे कोणी ही फाइल उघडून बसले आहे, किंवा मागचे काम अर्धवट कोसळले आहे. फायरफॉक्स आपल्या प्रोफाइलला कुलूप लावतो. दोन प्रती वेगळ्या चालवायच्या तर प्रोफाइल दोन हवेत. काही प्रोग्रॅम मुळात दुसरी प्रत होऊच देत नाहीत. नव्याने आलेली प्रत आधीची खूण पाहते, जुनी विंडो पुढे आणते आणि स्वतः निमूट बंद होते. वापरणाऱ्याला वाटते, दोनदा क्लिक करूनही काहीच झाले नाही.

कचेरीत हा विषय बहुतेकांना भेटतो तो एक्सेलमध्ये. २०१३ च्या आवृत्तीपासून प्रत्येक वर्कबुकला स्वतंत्र विंडो मिळते, पण सहसा त्या सगळ्यांमागे प्रोसेस एकच. म्हणून एका फाइलचे जड गणित सुरू झाले, की शेजारचीही थिजते. आणि वेगवेगळ्या फोल्डरांतल्या, पण एकाच नावाच्या दोन फाइली एकत्र उघडत नाहीत. उपाय साधा: ऑल्ट दाबून धरून एक्सेल उघडायचे आणि नवी इन्स्टन्स हवी का, या प्रश्नाला हो म्हणायचे. मात्र या वेगळ्या घरात एकाचे सूत्र कॉपी करून दुसऱ्यात चिकटवले, तर सूत्र मागे राहते आणि आकडे तेवढे येतात. ही किंमत लोकांना नेमकी महिनाअखेरीस कळते.

उलट क्रोमने २००८ मध्ये अनेक प्रोसेसचा मार्ग मुद्दाम धरला, तो एक टॅब कोसळला तरी बाकीचे वाचावेत म्हणून. टास्क मॅनेजरमध्ये त्याच नावाच्या डझनावारी ओळी दिसतात त्या यामुळे. तो व्हायरस नव्हे. पोस्टग्रेस हा डेटाबेसही जोडणाऱ्या प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी प्रोसेस उभी करतो.

दोन सिमकार्डांच्या फोनवर दोन व्हॉट्सअ‍ॅप, हा या कल्पनेचा सर्वांत घरगुती अवतार. शाओमी, सॅमसंग यांच्या फोनांतली ‘ड्युअल’ सोय त्याच अ‍ॅपला फोनमधल्या एका आभासी दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावावर चालवते. अ‍ॅप एकच, पण चॅट आणि फोटो साठवण्याचे कप्पे दोन. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइडवर एकाच अ‍ॅपमध्ये दोन खात्यांची सोय जाहीर केली. तिथे प्रत दुसरी नसते. एकच प्रत दोन्ही खाती सांभाळते.