बेल-कोलमन यंत्र आणि शिडाचे जहाज: १८८२ सालची एक थंड सफर

रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग हा विषय घेतलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांची बेल-कोलमन सायकलशी ओळख परीक्षेपुरती असते. पी-व्ही आणि टी-एस आकृत्या काढायच्या, चार प्रक्रिया दाखवायच्या, सीओपी काढायचा आणि ‘सीओपी कमी असल्याने ही सायकल आता विमानांखेरीज फारशी वापरली जात नाही’ असे वाक्य लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. बेल कोण आणि कोलमन कोण, हे पेपरात विचारत नाहीत. हेन्री आणि जेम्स बेल हे ग्लासगोमधले मांसाचे व्यापारी, सरळ शब्दांत सांगायचे तर खाटीक; आणि जोसेफ जेम्स कोलमन हे तिथलेच रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या यंत्राचे पेटंट १८७७ सालचे आहे.

आता प्रश्न असा, की इतका कमी सीओपी असलेले यंत्र त्या काळच्या हिशेबी व्यापाऱ्यांनी निवडले का? अमोनियाची यंत्रे तेव्हा होती, ईथरचीही होती. याचे उत्तर सूत्रात सापडत नाही. ते शोधायला आपल्याला डनेडिन नावाच्या एका शिडाच्या जहाजात उतरावे लागेल.

त्याआधी थोडे मागे जाऊ. यंत्र नसतानाही शिडाच्या जहाजातून थंडी वाहून नेता येते, हे भारताने स्वतः पाहिलेले होते. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ साली टस्कनी या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. मे महिन्यात निघालेले जहाज सप्टेंबरात पोहोचले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईलाही अमेरिकी बर्फ आला. मद्रासला ट्यूडरने बांधलेले बर्फघर आज चेन्नईत विवेकानंदर इल्लम म्हणून उभे आहे. तिकडे गेलात तर जरूर पाहा. चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून, कोणत्याही यंत्राशिवाय! उष्णतारोधन म्हणजे काय हे वर्गात शिकवताना मला यापेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही. पण बर्फ थोडा वितळला तर व्यापाऱ्याचे फक्त वजन कमी होते. मांसाचे तसे नाही. ते एकदा सुटले की सगळेच जाते.

मांस नेण्याची गरज कुठे होती? न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात. तिथे लोकरीसाठी मेंढ्या पाळत. मेंढ्यांची संख्या वाढत होती, खाणारी माणसे मात्र थोडी. जास्तीच्या मेंढ्या मारून, उकळून त्यांची चरबी काढायची आणि मांस फेकून द्यायचे, असा प्रकार चाले. इकडे इंग्लंडमध्ये कारखान्यांच्या शहरांना मांस महाग पडत होते. मधे होता तीन महिन्यांचा समुद्र, आणि त्यातला मोठा पट्टा उष्ण कटिबंधाचा.

पहिले प्रयत्न फसले, आणि ते कसे फसले हे नीट पाहण्यासारखे आहे. जेम्स हॅरिसन हा ऑस्ट्रेलियातला पत्रकार आणि संशोधक. बर्फ करण्याच्या यंत्रात त्याचे नाव मोठे. १८७३ साली त्याने नॉरफोक या जहाजातून मेलबर्नहून लंडनला गोठवलेले मांस पाठवले. जहाजावर यंत्र नव्हते. बर्फ आणि मिठाच्या मिश्रणाने थंडी राखायची होती. वाटेत टाक्या गळल्या, मांस नासले आणि हॅरिसन कर्जात बुडाला. १८७६ साली सिडनीत थॉमस मॉर्ट आणि यूजीन निकोल यांनी नॉर्थॅम जहाजावर अमोनियाची व्यवस्था बसवली. जहाज निघण्यापूर्वीच यंत्रणेत बिघाड झाला आणि माल उतरवावा लागला. त्याच सुमारास फ्रान्सच्या शार्ल तेलिए याचे फ्रिगोरिफिक हे जहाज मिथाइल ईथरची यंत्रे घेऊन अर्जेंटिनाला गेले, आणि १८७७-७८ मध्ये पॅराग्वे या जहाजाने फेर्दिनां कारे याच्या अमोनिया यंत्रावर अर्जेंटिनाचे गोठवलेले मांस फ्रान्सला चांगल्या स्थितीत पोहोचवले. म्हणजे अमोनियाने काम होत होते. पण जहाज सतत हलते, त्याचे सांगाडे पिळवटतात, सांधे ढिले होतात. आणि अमोनियाचा सांधा भर समुद्रात सुटला तर बंदिस्त जागेत माणसाला श्वास घेता येत नाही. ईथर तर पेटते. किनाऱ्यावरच्या कारखान्यात दार उघडून बाहेर पळता येते. जहाजावर पळणार कुठे? शिवाय गेलेला अमोनिया पुन्हा भरायला मधे बंदर नाही.

बेल-कोलमन यंत्रात रेफ्रिजरंट म्हणजे साधी हवा. गळली तर गळली. फुकट आहे, विषारी नाही, पेटत नाही, आणि भरून घ्यायला सिलिंडर लागत नाही.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. वाफेचा सिलिंडर, हवा दाबणारा सिलिंडर आणि हवा प्रसरण पावू देणारा सिलिंडर, असे तिन्ही एकाच क्रँकशाफ्टला जोडलेले. हवा दाबली की तापते. ती समुद्राच्या पाण्याने थंड करायची. मग प्रसरणाच्या सिलिंडरमध्ये तिच्याकडून काम करून घ्यायचे. काम करताना ती थंड होते आणि ते काम क्रँकशाफ्टला परत मिळते. ही थंड हवा सरळ मालाच्या जागेत सोडायची. मधे कॉइल नाही, मिठाच्या पाण्याची नळी नाही.

हिशेब करून पाहा. दाबाचे गुणोत्तर ४ धरले आणि गॅमा १.४, तर तापमानाचे गुणोत्तर सुमारे १.४९ येते. पाण्याने ३० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेली हवा आदर्श प्रसरणानंतर उणे ७० अंशांच्या आसपास जाते. आदर्श सीओपी येतो सुमारे २.०६. आता उणे ५ आणि ३० अंश यांच्या दरम्यान कार्नोचा सीओपी काढा: तो साडेसातच्या वर जातो. आणि २.०६ हा आकडाही कागदावरचा. पिस्टनचे घर्षण, व्हॉल्व्हमधील दाबाची घट, सिलिंडरच्या भिंतींतून शिरणारी उष्णता हे सगळे वजा केले की प्रत्यक्षात एकाच्याही खाली यावे लागते. विद्यार्थ्याने असे डिझाइन आणून दाखवले तर मीसुद्धा आधी भुवया उंचावीन.

उणे ७० हा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. हवेत बाष्प असते. प्रसरणाच्या सिलिंडरमध्ये त्याचा हिम होतो आणि व्हॉल्व्ह, नळ सगळे बुजतात. खरे तर हवेच्या यंत्रांचा मोठा शत्रू कमी सीओपी नव्हता, हा हिम होता. कोलमन यांची युक्ती इथे आहे. दाबलेली हवा प्रसरणाआधी अशा नळ्यांतून न्यायची, ज्यांच्या बाहेरून मालाच्या जागेतली परत येणारी गार हवा जाते. बरेचसे पाणी तिथेच सुटते आणि काढून टाकता येते. आजचे विद्यार्थी याला हीट एक्स्चेंजर म्हणून एका चौकोनात बसवतात. १८७७ साली यंत्र चालणार की अडणार हे त्या चौकोनावर ठरत होते.

१८८० च्या फेब्रुवारीत स्ट्रॅथलेव्हन हे वाफेचे जहाज बेल-कोलमन यंत्राच्या साहाय्याने सुमारे ४० टन ऑस्ट्रेलियन मांस घेऊन लंडनला पोहोचले. हे पाहून न्यूझीलंड अँड ऑस्ट्रेलियन लँड कंपनीचे विल्यम सोल्टाऊ डेव्हिडसन यांनी मोठी उडी घ्यायचे ठरवले. पण त्यांना मिळालेले जहाज वाफेचे नव्हते. अल्बियन लाइनचे डनेडिन हे १८७४ साली बांधलेले, सुमारे १३२० टनांचे शिडाचे जहाज होते. सात वर्षे ते प्रवासी आणि साधा माल नेत होते. १८८१ साली त्यात यंत्र बसवले गेले.

या ठिकाणी थांबून विचार करा. वाफेच्या जहाजावर बॉयलर, कोळसा, इंजिनखोली, आगवाले हे सगळे आधीच असते. शीतयंत्राला त्यातली थोडी वाफ मिळते. शिडाच्या जहाजात यातले काहीच नाही. वाऱ्यावर फुकट चालणाऱ्या जहाजात केवळ थंडीसाठी वेगळा बॉयलर, वेगळा कोळसा आणि वेगळे धुराडे आणावे लागले. यंत्र दिवसाला ३ टन कोळसा खाई. ९८ दिवसांच्या प्रवासाला या दराने जवळजवळ ३०० टन होतात. कमी सीओपीची किंमत ती हीच: कोळशाने व्यापलेली जागा म्हणजे भाडे न देणारी जागा. पुढच्या आणि मधल्या डोलकाठीच्या दरम्यान उभे केलेले धुराडे पाहून कुणी लांबून त्याला आगबोट समजे. धुराड्यावर लाकूड, दोर आणि कापड यांचे जंगल, आणि त्यातून ठिणग्या. शिडाच्या जहाजाला अंगावर घेण्याजोगी याहून वाईट गोष्ट नसेल.

डिसेंबर १८८१ मध्ये पोर्ट चाल्मर्सला मांस भरायला सुरुवात झाली. ओआमारूजवळच्या टोटारा इस्टेटवर कंपनीचे थॉमस ब्रायडोन यांच्या देखरेखीखाली मेंढ्या कापल्या जात, आगगाडीने बंदरात येत आणि जहाजातच गोठवल्या जात. काही दिवसांतच क्रँकशाफ्ट तुटला. वर म्हटल्याप्रमाणे तिन्ही सिलिंडर त्याच एका दांड्यावर. तो गेला की सगळेच गेले. आत भरलेल्या शेकडो मेंढ्या काढून स्थानिक बाजारात विकाव्या लागल्या. एका दुव्यावर सारी साखळी टांगण्याचा हा दोष उघड होता. तरी शाफ्ट बदलून काम पुढे चालू झाले, आणि १५ फेब्रुवारी १८८२ रोजी जहाज निघाले. आत ४३३१ मेंढ्या, ५९८ कोकरे, २२ डुकरे आणि इतर किरकोळ माल.

उष्ण कटिबंधात वारा पडला. जहाज जागच्या जागी, वर ऊन, खाली यंत्र चालू. शिडांना ठिणग्यांनी आगी लागत होत्या. पण खरे संकट वेगळेच निघाले. यंत्र ठीक चालत होते, हवाही थंड होती. ती मालात सगळीकडे पोहोचत मात्र नव्हती. कॅप्टन जॉन व्हिटसन स्वतः हवेच्या मार्गात सरपटत शिरले आणि करवतीने जादा भोके पाडू लागले. ज्या मार्गातून ते जात होते त्यातूनच यंत्राची गार हवा येत होती. ते आत गारठून निपचित झाले. खलाशांनी दोर लावून त्यांना बाहेर ओढले आणि शुद्धीवर आणले. भोके मात्र पडली होती, आणि हवा फिरू लागली.

मला या सगळ्या कथेत हा प्रसंग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो, आणि त्यातल्या धाडसामुळे नव्हे. मुळात थंड मालासाठी न बांधलेल्या जहाजाच्या पोटात हवेचे मार्ग मागाहून बसवले होते. मोकळ्या जागेत हवा कशी फिरते आणि छतापर्यंत रचलेल्या मेंढ्यांमधून कशी फिरते, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजही एखाद्या जुन्या शिडाच्या नौकेत एसी बसवणाऱ्याला याच अडचणी येतात. समुद्राच्या पाण्याने थंड होणारे छोटे युनिट बाकाखाली मावते. पण वीज कुठून आणायची, पंप पाण्याच्या पातळीखाली बसतो का, गाळणीपर्यंत हात जातो का, आणि वळणावळणाच्या केबिनमधून डक्ट न्यायचा कसा, यात दिवस जातात. कॅटलॉगमधली क्षमता वाचून युनिट विकत घेणे हा त्यातला सोपा भाग.

२४ मे १८८२ रोजी डनेडिन लंडनला पोहोचले. तपासणीत एकच धड टाकाऊ ठरले. मांस स्मिथफील्डच्या बाजारात चांगल्या भावाने गेले, आणि न्यूझीलंडमध्ये मेंढी उकळून चरबी काढण्याचे दिवस संपू लागले. लोकरीइतकेच मांस आणि लोणी पिकवणारी लहान शेते तिथे परवडू लागली, ती याच व्यापारामुळे.

यंत्राचे राज्य मात्र फार टिकले नाही. १८९० नंतर जहाजांवर कार्बन डायऑक्साइडची यंत्रे पसरली. दाब प्रचंड, त्यामुळे जाड नळ्या लागत. पण हा वायूही पेटत नाही आणि कोळसा खूपच कमी लागे. निरुपद्रवी वायूची अट व्यापाऱ्यांनी सोडली नाही, इंधनाचा खर्च तेवढा उतरवला. शिडाची जहाजे या धंद्यातून हळूहळू बाहेर पडली. हवेची सायकल विमानात परत आली, कारण तिथे दाबलेली हवा इंजिनातून आयतीच मिळते आणि वजन हा पहिला हिशेब असतो.

डनेडिन त्यानंतर आठ वर्षे हाच व्यापार करत राहिले. मार्च १८९० मध्ये ओआमारूहून लंडनला निघाले, आणि पुन्हा कुणाला दिसले नाही.