अमेरिकी कंपनीचे भारतातील मालक : नोंदणी सोपी, बँक खाते व कार्ड भरण्याची वाट अवघड

नवी दिल्ली : अमेरिकेत पाऊल न ठेवता तेथील डेलावेअर किंवा वायोमिंग राज्यात कंपनी नोंदविता येते. त्यासाठी नागरिकत्व, व्हिसा किंवा तेथील वास्तव्य यांपैकी कशाचीही अट नाही. सॉफ्टवेअर विकणारे, सल्लासेवा देणारे व ऑनलाइन विक्री करणारे अनेक भारतीय उद्योजक त्यामुळे हा मार्ग निवडतात. मात्र नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले म्हणजे ग्राहकाने भरलेले डॉलर खात्यात येतीलच असे नाही. बँक खाते उघडणे, ग्राहकांच्या कार्डावरून पैसे स्वीकारणे आणि ती रक्कम नियमानुसार भारतात आणणे हे तीन टप्पे नोंदणीपेक्षा अवघड आहेत. त्यांपैकी एकही टप्पा चुकला तर व्यवसायाचे पैसे अडकण्याची किंवा मोठा दंड होण्याची शक्यता असते.

येथे ‘अनिवासी’ हा शब्द अमेरिकेच्या दृष्टीने वापरला आहे. भारतात राहणारी व भारतात कर भरणारी व्यक्ती अमेरिकी कंपनीची मालक झाली, तर अमेरिकेसाठी ती अनिवासी मालक असते. भारतासाठी मात्र ती निवासीच राहते. त्यामुळे दोन्ही देशांचे कायदे तिला एकाच वेळी लागू होतात.

कंपनीचा प्रकार व ओळख क्रमांक

लहान उद्योजक बहुधा मर्यादित दायित्व कंपनी, म्हणजे एलएलसी, हा प्रकार निवडतात. गुंतवणूकदारांकडून भांडवल उभारायचे असल्यास कॉर्पोरेशन नोंदविले जाते. कॉर्पोरेशनला नफ्यावर २१ टक्के संघीय कर द्यावा लागतो. एकाच मालकाची एलएलसी अमेरिकी कर कायद्यानुसार मालकापासून वेगळी मानली जात नाही. डेलावेअरमधील एलएलसीला दरवर्षी १ जूनपर्यंत ३०० डॉलरचा राज्य कर भरावा लागतो. वायोमिंगमध्ये वार्षिक अहवालाचे शुल्क किमान ६० डॉलर आहे. दोन्ही राज्यांत सरकारी कागदपत्रे स्वीकारणारा स्थानिक नोंदणीकृत प्रतिनिधी नेमणे बंधनकारक आहे.

बँक खात्यासाठी अमेरिकी महसूल सेवेचा, म्हणजे आयआरएसचा, नऊ अंकी ईआयएन क्रमांक लागतो. हा क्रमांक विनामूल्य मिळतो. अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या परदेशी मालकाला त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येत नाही. एसएस-४ हा अर्ज फॅक्स वा टपालाने पाठवावा लागतो किंवा दूरध्वनीवरून माहिती द्यावी लागते. ईआयएन हा कंपनीचा क्रमांक आहे. व्यक्तीसाठीचा आयटीआयएन हा करदाता क्रमांक वेगळा असून, त्याचा अर्ज डब्ल्यू-७ या नमुन्यात करावा लागतो. खाते उघडण्यासाठी बहुतेक वेळा पहिला क्रमांक व मालकाचे पारपत्र यांची मागणी होते.

बँका चौकशी का करतात?

राज्य सरकारचे नोंदणी कार्यालय मालकाची फारशी चौकशी करीत नाही. डेलावेअरमध्ये एलएलसीच्या स्थापनेच्या दस्तऐवजात मालकाचे नावही द्यावे लागत नाही. त्यामुळे कंपनीमागील खरी व्यक्ती कोण, हे शोधण्याचा भार बँकेवर येतो. १९७० च्या बँक गुप्तता कायद्याने या जबाबदारीचा पाया घातला. २००१ च्या पॅट्रिअट कायद्याने ग्राहकाची ओळख पटविणे बंधनकारक केले. मे २०१८ पासून लागू झालेल्या नियमानुसार, कंपनीत २५ टक्के किंवा अधिक हिस्सा असलेल्या प्रत्येक व्यक्तीची, तसेच कंपनीचा कारभार पाहणाऱ्या एका व्यक्तीची ओळख बँकेला नोंदवावी लागते.

अमेरिकी अर्थमंत्रालयाच्या फिनसेन या यंत्रणेकडे मालकांची माहिती थेट कळविण्याची सक्ती १ जानेवारी २०२४ पासून सुरू झाली होती. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतच स्थापन झालेल्या कंपन्यांना त्यातून वगळण्यात आले. मालक भारतीय असला तरी डेलावेअरमध्ये स्थापन झालेली कंपनी अमेरिकीच ठरते, त्यामुळे तिलाही ही सूट मिळते. बँकेकडे माहिती देण्याच्या बंधनावर मात्र या सवलतीचा परिणाम होत नाही.

पारंपरिक बँका बहुधा मालकाने शाखेत प्रत्यक्ष यावे, अशी अट घालतात. दूरस्थ पद्धतीने खाते देणाऱ्या संस्था कंपनीचा व्यवसाय, ग्राहक कोठले आहेत, पैसा कोठून येणार व अमेरिकेशी व्यवसायाचा संबंध काय, असे प्रश्न विचारतात. नोंदणीकृत प्रतिनिधीचा पत्ता कंपनीचा कामकाजाचा पत्ता म्हणून अनेक ठिकाणी स्वीकारला जात नाही. भारतातून काम चालत असेल तर तसे स्पष्ट लिहून भारतातील खरा पत्ता देणेच योग्य ठरते. नातेवाइकाचा अमेरिकी पत्ता आपला म्हणून दाखविल्यास पुढे फेरतपासणीत खाते बंद होण्याचा धोका असतो.

ॲप म्हणजे बँक नव्हे

दूरस्थ खाते देणाऱ्या अनेक कंपन्या स्वतः बँका नसतात. मर्क्युरी ही त्यांपैकी परिचित कंपनी असून, ती भागीदार बँकांमार्फत खाते पुरविते. पैसा भागीदार बँकेत असतो. ग्राहक ज्या ॲपमध्ये शिल्लक पाहतो, ते ॲप दुसऱ्या कंपनीचे असते. अमेरिकेच्या संघीय ठेव विमा महामंडळाचे संरक्षण एका बँकेत प्रत्येक ठेवीदाराला २,५०,००० डॉलरपर्यंत मिळते. तथापि ते बँक बुडाल्यास लागू होते. मधली तंत्रज्ञान कंपनी बुडाल्यास नाही.

हा फरक २०२४ मध्ये ठळकपणे समोर आला. ॲप व बँका यांना जोडणारी सिनॅप्स ही कंपनी त्या वर्षी एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली. मे महिन्यात एक लाखाहून अधिक ग्राहकांचे पैसे गोठले. कंपनीच्या नोंदी व बँकांकडील प्रत्यक्ष शिल्लक यांचा मेळ बसेना. न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तांनी ६.५ कोटी ते ९.६ कोटी डॉलरची तूट असल्याचे नमूद केले. संबंधित बँकांपैकी कोणतीही बुडालेली नसल्याने ठेव विमा मात्र लागू झाला नाही.

म्हणून खाते उघडताना भागीदार बँकेचे नाव, खाते कोणाच्या नावे राहील आणि नोंदी कोण ठेवतो, हे तपासावे लागते. सर्व रक्कम एकाच ठिकाणी न ठेवता दुसरे खाते तयार ठेवणे आणि दर महिन्याची विवरणे आपल्याकडे उतरवून घेणे, ही साधी खबरदारी अडचणीच्या वेळी उपयोगी पडते.

कार्डावरून आलेले पैसे

बँक खाते असले तरी ग्राहकाच्या कार्डावरून रक्कम घेण्यासाठी पेमेंट प्रोसेसर वेगळा लागतो. ग्राहकाची बँक, कार्ड जाळे व विक्रेत्याची बाजू सांभाळणारी बँक यांच्यात तो दुवा असतो. स्ट्राइप या कंपनीच्या प्रसिद्ध दरपत्रकानुसार अमेरिकी कार्डावरील व्यवहाराला २.९ टक्के अधिक ३० सेंट शुल्क आहे. म्हणजे १०० डॉलरच्या विक्रीतून विक्रेत्याला ९६.८० डॉलर मिळतात. अमेरिकेबाहेरच्या कार्डासाठी आणखी १.५ टक्का व चलन बदलावे लागल्यास १ टक्का अधिक जातो. नव्या खात्यातील पहिली रक्कम साधारणतः ७ ते १४ दिवसांनी बँकेत जमा होते.

शुल्कापेक्षा मोठा प्रश्न तक्रारींचा असतो. ग्राहकाने आपल्या बँकेकडे व्यवहारावर आक्षेप घेतला, तर ती रक्कम विक्रेत्याकडून परत घेतली जाते; याला चार्जबॅक म्हणतात. असा आक्षेप घेण्यास ग्राहकाला बहुधा १२० दिवसांपर्यंत मुदत असते. त्यामुळे प्रोसेसरच्या दृष्टीने विक्रेत्याला दिलेली प्रत्येक रक्कम काही महिने जोखमीची राहते. विक्री अचानक वाढली, संकेतस्थळावरील माहिती व प्रत्यक्ष व्यवसाय जुळेना किंवा तक्रारी वाढल्या, की प्रोसेसर काही रक्कम राखीव म्हणून रोखतो किंवा खाते बंद करतो. गंभीर कारणाने खाते बंद झाल्यास विक्रेत्याचे नाव मास्टरकार्डच्या मॅच या यादीत जाऊ शकते. तेथील नोंद पाच वर्षे राहते आणि त्या काळात दुसरा प्रोसेसर मिळणे कठीण होते. परताव्याचे धोरण, संपर्काची माहिती व वस्तू वा सेवा पोहोचल्याचा पुरावा या गोष्टींना म्हणूनच महत्त्व आहे.

कर नसला तरी विवरणपत्र आवश्यक

अमेरिकेत कार्यालय, कर्मचारी वा प्रतिनिधी नसेल आणि सेवा पूर्णतः भारतातून दिली जात असेल, तर एका मालकाच्या एलएलसीच्या अशा उत्पन्नावर तेथे सहसा संघीय प्राप्तिकर लागत नाही. त्यावरून तेथे काहीच दाखल करायचे नाही, असा समज अनेकांचा होतो व तो महागात पडतो. परदेशी व्यक्तीच्या पूर्ण मालकीच्या एलएलसीने मालकाशी झालेले व्यवहार फॉर्म ५४७२ मध्ये, फॉर्म ११२० च्या मुखपृष्ठासह, कळविणे बंधनकारक आहे. मालकाने घातलेले भांडवल व कंपनीतून काढलेली रक्कम हेही त्यात येतात. फॉर्म न भरल्यास २५,००० डॉलर दंड आहे. कॅलेंडर वर्ष पाळणाऱ्या कंपनीसाठी मुदत १५ एप्रिलची असते.

भारताचे नियम

परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार, शेअर बाजारात सूचीबद्ध नसलेल्या परदेशी कंपनीतील भागभांडवल ही थेट परदेशी गुंतवणूक ठरते. निवासी व्यक्तीला ती उदारीकृत प्रेषण योजनेतून, एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच्या एकूण मर्यादेत करता येते. रक्कम पाठविण्यापूर्वी अधिकृत बँकेकडे फॉर्म एफसी देऊन विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. पूर्ण मालकी असल्यास दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल द्यावा लागतो. तो थकल्यास पुढील गुंतवणूक अडते. निवासी व्यक्तीच्या नियंत्रणाखालील अशा कंपनीला पुढे उपकंपनी काढता येत नाही. १ एप्रिल २०२५ पासून, वर्षाला १० लाख रुपयांपुढील अशा गुंतवणुकीच्या रकमेवर २० टक्के कर पाठविण्याच्या वेळीच जमा केला जातो. तो प्राप्तिकरात वळता करून घेता येतो.

निवासी भारतीयाचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र आहे. अमेरिकी कंपनीतील हिस्सा आणि ज्यावर स्वाक्षरीचा अधिकार आहे ते परदेशी खाते प्राप्तिकर विवरणपत्राच्या एफए परिशिष्टात दाखवावे लागते. त्यासाठी ३१ डिसेंबरला संपणारे वर्ष धरले जाते. २०१५ च्या काळा पैसा कायद्यानुसार ही माहिती न दिल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो. स्थावर मालमत्ता वगळता एकूण २० लाख रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून वगळले आहे. माहिती देण्याचे बंधन मात्र कायम आहे.

पर्याय कोणता?

स्ट्राइपने मे २०२४ पासून भारतात नव्या विक्रेत्यांना केवळ निमंत्रणावर प्रवेश देण्यास सुरुवात केल्यानंतर अमेरिकी कंपनीचा विचार अधिक होऊ लागला. परंतु केवळ परदेशी ग्राहकांचे पैसे स्वीकारणे एवढाच हेतू असेल, तर भारतीय व्यवसायाच्या नावेही ते शक्य आहे. पेपाल १ एप्रिल २०२१ पासून भारतात देशांतर्गत भरणा हाताळत नाही. परदेशातून येणाऱ्या रकमांची सेवा मात्र देते. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सीमापार भरणा समूहकांसाठी नियमावली आणली होती व तिच्यानुसार वस्तू वा सेवेच्या एका नगामागे २५ लाख रुपयांपर्यंतचा भरणा त्यांच्यामार्फत घेता येत होता.

अमेरिकी गुंतवणूकदार हवे असतील किंवा तेथील ग्राहक केवळ अमेरिकी कंपनीशीच करार करीत असतील, तर मात्र तेथे कंपनी काढण्याला अर्थ आहे. अशा वेळी भारतातील अधिकृत बँक व सनदी लेखापाल यांच्याशी बोलणी कंपनी नोंदविण्यापूर्वीच करावी लागतात. कारण भांडवल पाठवून झाल्यावर राहिलेली पूर्वपरवानगीची कागदपत्रे नियमित करून घेण्यास विलंब शुल्क व वेळ दोन्ही खर्च होतात.